गिंडीचे रान : गव्हर्नरांच्या कुंपणापासून मुलांच्या पायवाटेपर्यंत

चेन्नईच्या सरदार पटेल रस्त्यावरून अड्यारकडून गिंडीकडे निघाले की डाव्या हाताला बराच वेळ एक भिंत सोबत करते. मधूनमधून ती तुटते आणि एकेक प्रवेशद्वार दिसते. आयआयटी मद्रास, गांधी मंडपम, राजाजी आणि कामराज यांची स्मारके, सर्पोद्यान, बालोद्यान, राज्यपालांचे निवासस्थान अशी ही ओळ आहे. नकाशावर ही सारी ठिकाणे वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली असली, तरी इतिहासात ती एकाच रानाचे तुकडे आहेत. त्या रानाचा जो भाग कोणाच्याही वाट्याला गेला नाही, तो आज गिंडी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखला जातो. क्षेत्रफळ अवघे २७० हेक्टर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात अशी अडतीस गिंडी मावतील.

या रानात डोंगर नाही, धबधबा नाही, वाघ-हत्ती तर नाहीतच. जमीन तळहातासारखी सपाट. म्हणूनच आजीचे बोट धरून चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलालाही येथे चालणे झेपते. लोकांना मोकळा प्रवेश आहे तो कडेच्या बालोद्यानात आणि सर्पोद्यानात. आतला गाभा वनखात्याच्या परवानगीशिवाय उघडत नाही. चेन्नईतील कित्येक पिढ्यांनी हरीण आणि साप पहिल्यांदा पाहिले ते येथे, शाळेच्या सहलीत नाही तर सुट्टीच्या दिवशी आईवडिलांबरोबर. या साध्या फेरफटक्यामागे तीनशे वर्षांहून अधिक काळाची एक गोष्ट आहे, आणि तिच्यात एका प्राण्याचे भवितव्य अडकलेले आहे.

गिंडीला मनुष्यवस्ती किती जुनी, याचे उत्तर जवळच सापडते. काही किलोमीटरवरील पल्लावरम येथे १८६३ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना खडी काढलेल्या जागी एक दगडी हत्यार मिळाले आणि भारतात पुराश्मयुगीन माणूस वावरत होता, हे पहिल्यांदा सिद्ध झाले. लेखी इतिहासात मात्र गिंडी अवतरते ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. सर विल्यम लँगहॉर्न हे १६७२ ते १६७८ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत या रानाचा एक कोपरा साफ करून तेथे बागबंगला उभारण्यात आला. मराठी वाचकाला हे लँगहॉर्न अगदीच अपरिचित नसावेत. दक्षिण दिग्विजयावर असताना, १६७७ साली, छत्रपती शिवाजी महाराजांनी मद्रासच्या याच गव्हर्नराकडे विषावरील उतारे आणि औषधी खडे मागवले होते. कंपनीने ते भेटीदाखल पाठवले. विषावरील उताऱ्याची ही मागणी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तीनशे वर्षांनी याच गिंडीच्या कुंपणाआड तो विषय पुन्हा निघणार होता.

१८२१ साली सरकारने येथील मोठी जमीन खासगी मालकाकडून विकत घेतली. टॉमस मन्रो तेव्हा गव्हर्नर होते. पुढे गिंडी हे गव्हर्नरांचे गावाबाहेरचे निवासस्थान झाले आणि भोवतीचे रान ही त्यांची शिकारीची, घोडेस्वारीची आणि एकांताची जागा. हा एकांत रानाला लाभला. त्याच शतकात मद्रासभोवतीची अशीच राने सरपणासाठी, कोळशासाठी, शेतीसाठी भराभर तुटत होती. १८५६ मध्ये रॉयपुरमहून दक्षिणेतली पहिली आगगाडी सुटली, आणि इंजिनांना लाकूड लागू लागले. त्याच वर्षी डॉ. ह्यू क्लेगहॉर्न यांची मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. लाकडाची भूक आणि लाकूड संपण्याची भीती एकाच वेळी जन्माला आल्या होत्या. किनाऱ्यावर जळणासाठी सुरूच्या लागवडी उभ्या राहिल्या, १८८२ साली मद्रास वन कायदा झाला, आणि १९१० साली गिंडीचे रान राखीव वन म्हणून जाहीर झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र ५०५ हेक्टर होते.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, सॅन फ्रान्सिस्कोपासून जवळच, अशाच एका चिमुकल्या जंगलाचा निकाल लागत होता. तेथील एका दरीत उंच रेडवुड वृक्षांची राई तोडीतून वाचली होती. विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९०५ साली ती ६११ एकर जमीन ४५ हजार डॉलरना विकत घेतली. पाठोपाठ एका पाणीपुरवठा कंपनीने दरीत धरण बांधण्यासाठी ती ताब्यात घेण्याचा घाट घातला. न्यायालयात आपला टिकाव लागणार नाही, हे ओळखून केंट यांनी त्यातील २९५ एकर जमीन थेट संघराज्य सरकारला देऊन टाकली. जानेवारी १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, आणि केंट यांच्याच आग्रहावरून तिला निसर्गलेखक जॉन म्यूर यांचे नाव मिळाले. आज म्यूर वुड्स ५५४ एकरांचे, म्हणजे सुमारे २२४ हेक्टरांचे आहे. गिंडीपेक्षाही लहान. तेथेही दरीच्या तळाशी सपाट वाट आहे आणि बाळगाडी ढकलत आईबाप तिच्यावरून निवांत चालतात.

दोन्ही जंगले शहराजवळ, दोन्ही लहान, दोन्ही दोन वर्षांच्या अंतराने सुरक्षित झालेली. फरक आहे तो दर्शनाचा. म्यूर वुड्समधील उंच वृक्ष पंचाहत्तर मीटरांच्याही वर जातात. अशा झाडाखाली उभे राहिलेल्या माणसाला ते का राखायचे, हे समजावून सांगावे लागत नाही. गिंडीतील झाडी पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा काटेरी झुडपांचा गुंता वाटते. करवंदीच्या जवळची एक काटेरी जात, गेळा, कवठ, कडुनिंब, शिंदीचे प्रकार, आणि दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो तो आपटाही. मराठी माणसाला या रानात परके वाटू नये, इतकी ओळखीची नावे. पण ‘केवढे हे झाड’ असा उद्गार निघावा, असे त्यात क्वचितच काही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे रान एक कोडे आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील या वनप्रकाराला उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन म्हणतात. ‘शुष्क’ आणि ‘सदाहरित’ ही विशेषणे एकमेकांशी भांडणारी आहेत. ज्या प्रदेशात वर्षातील बरेच महिने कोरडे जातात, तेथील झाडे साधारणपणे पाने गाळून पाणी वाचवतात. आपल्याकडील साग तेच करतो. कोरोमंडलला पाऊस येतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर आणि वादळांबरोबर. त्यानंतर लांबलचक कोरडा काळ. तरीही या रानाचे मूळ वृक्ष हिरवेच राहतात. पाने लहान, जाड, चामड्यासारखी, वाढ मंद, उंची बेताची, चांगल्या राखलेल्या रानातही साधारण नऊ ते बारा मीटर. समुद्राची दमट हवा आणि उन्हाळ्यात अधूनमधून पडणाऱ्या सरींवर ही झाडे दिवस काढतात. रेडवुडचेही कोडे याच जातीचे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळा कोरडा असतो, आणि तेव्हा रेडवुडला तारते ते समुद्रावरचे धुके. टॉड डॉसन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रेडवुड जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्याच्या ठिबकण्यातून येत असल्याचे दिसले. एक वन समुद्राच्या आधाराने गगनाला भिडले. दुसरे समुद्राच्याच आधाराने जमिनीलगत चिवट होऊन राहिले.

कोरोमंडलच्या या वनाचे मूळ रूप आज प्रामुख्याने देवळांभोवतीच्या राखीव झाडीत उरले आहे. तमिळमध्ये तिला ‘कोविल काडु’ म्हणतात. आपण देवराई म्हणतो. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेल्या या तुकड्यांचे वैज्ञानिक मोल ध्यानात आले. गिंडीला देवाचा धाक नव्हता. तिला गव्हर्नरांचा होता. स्वातंत्र्यानंतर तो धाक ओसरला आणि खरी परीक्षा सुरू झाली.

ती परीक्षा कोणा लाकूडतोड्याने घेतली नाही. जंगलाचे तुकडे मागायला आलेली सगळी कामे चांगली होती, आणि हाच या इतिहासातला अवघड भाग आहे. १९५६ मध्ये गांधी मंडपम उभे राहिले. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने तंत्रशिक्षणाची एक उच्च संस्था मद्रासमध्ये काढायची ठरली आणि १९५८ साली रानाचा मोठा भाग तिच्यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे गेला. मुंबईत पवईला सोव्हिएत मदतीने आयआयटी उभी राहत होती, त्याच काळातली ही गोष्ट. ३१ जुलै १९५९ रोजी आयआयटी मद्रासचे उद्घाटन झाले. वसतिगृहांना नद्यांची नावे देण्यात आली, म्हणून गिंडीच्या रानात आज गोदावरी, कृष्णा आणि तापीही नांदतात. पुढे १९६१ ते १९७७ या काळात राजभवनाच्या ताब्यातील सुमारे १७२ हेक्टर जमीन निरनिराळ्या खात्यांकडे वळती झाली. १९७४ मध्ये राजाजींचे आणि १९७५ मध्ये कामराज यांचे स्मारक झाले. शिक्षण नको, स्मारक नको, असे कोण म्हणणार? पण हेक्टर तर मोजलेले होते.

उरलेले रान वाचले त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लहान मुलांना द्यावे लागते. १९५८ सालीच, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सूचनेवरून, रानाचा आणखी एक भाग वनखात्याला मिळाला आणि तेथे हरीण उद्यान व बालोद्यान सुरू झाले. वरवर पाहता हाही एक लचकाच. पिंजरे आले, घसरगुंड्या आल्या, तिकीटखिडकी आली. शुद्धतावादी निसर्गप्रेमीने नाक मुरडावे असे बरेच काही आले. परंतु त्याबरोबर शहरातील सामान्य कुटुंब पहिल्यांदा या रानाच्या आत आले. तोवर गिंडी ही साहेबांची, पुढे राज्यपालांची खासगी जागा होती. मद्रासच्या माणसाने ती भिंतीबाहेरून पाहिलेली. आता ती ‘आमच्या मुलांची’ झाली. ज्या जमिनीवर केवळ झुडपे आहेत ती कोणत्याही फायलीत ‘पडीक’ ठरू शकते. जिच्यावर दर रविवारी कुटुंबे येतात, ती सहजासहजी ठरत नाही. १९७७ मध्ये वनक्षेत्र तमिळनाडू वनखात्याकडे आले आणि १९७८ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले.

या बालोद्यानाशेजारी १९७२ मध्ये एक विलक्षण संस्था येऊन वसली. रोम्युलस व्हिटेकर यांनी दोन वर्षांपूर्वी शहराबाहेर सुरू केलेले सर्पोद्यान गिंडीत आले. मद्रासच्या लोकांनी भिंतीपलीकडे, सुरक्षित अंतरावरून, नाग आणि घोणस पाहिली; साप दिसला की काठी शोधायची, याखेरीज दुसरेही काही करता येते, हे त्यांनी तेथे ऐकले. सर्पोद्यानाचा कणा होते इरुळा जमातीचे लोक. उघड्या जमिनीवर सापाच्या सरपटण्याची खूण वाचावी, बिळाच्या तोंडाशी पाहून आत कोण आहे हे सांगावे, अशी त्यांची विद्या. ही विद्या तोवर कातड्याच्या व्यापाराला जुंपलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि कातड्यांच्या निर्यातबंदीनंतर तो व्यापार बंद पडला आणि इरुळांच्या चुली थंडावल्या. तेव्हा व्हिटेकर आणि इरुळा यांनी मिळून १९७८ मध्ये सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप पकडायचे, त्यांचे विष काढून घ्यायचे आणि त्यांना पुन्हा रानात सोडायचे. ते विष देशातील प्रतिविष बनवणाऱ्यांकडे जाते. विंचू-सापाने दंश केलेल्या शेतकऱ्याच्या घरी पूर्वी मांत्रिकाला बोलावणे जाई. आज सर्पदंशावर तालुक्याच्या दवाखान्यात जी लस टोचतात, तिच्या मुळाशी या इरुळांचे हात आहेत. शिवाजी महाराजांनी मद्रासकडे मागितलेल्या विषाच्या उताऱ्याला अशी ही तीनशे वर्षांनंतरची पुरवणी.

सर्पोद्यानाभोवती तरुणांचा एक मेळा जमला. आयआयटी मद्रासमध्ये अभियांत्रिकी शिकायला आलेले सतीश भास्कर त्यांतले एक. पुस्तकांपेक्षा समुद्राकडे त्यांचा ओढा अधिक. सर्पोद्यानाच्या मंडळींनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री चालत जाऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी शोधण्याचे काम सुरू केले. भास्कर त्यात ओढले गेले आणि पुढे भारताच्या बहुतेक सर्व किनाऱ्यांवरून, अंदमान-निकोबारच्या आणि लक्षद्वीपच्या बेटांवरून पायी हिंडत त्यांनी कासवांच्या विणीच्या जागांची नोंद केली. देशातील समुद्री कासवांच्या अभ्यासाचा पाया या पायपिटीवर उभा आहे. १९८८ पासून चेन्नईतील विद्यार्थ्यांनी ती रात्रफेरी अखंड चालवली. आईवडील आणि मुलेही त्यांच्याबरोबर चालतात. रत्नागिरीतील वेळासला कासवांची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना या वाटेची चव ठाऊक आहे.

१९७८ हे वर्ष आणखी एका कारणाने या कथेत येते. त्या साली मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटीची स्थापना झाली. सदस्यांनी आपल्या मुखपत्राला नाव दिले ‘ब्लॅकबक’, म्हणजे काळवीट. नाव दूरवर शोधावे लागले नाही. तो प्राणी शहराच्या मध्यावरच चरत होता.

येथून कथा त्या प्राण्याकडे वळते. काळवीट हे मोकळ्या माळाचे जनावर. शत्रू दूरून दिसावा आणि दिसताच वाऱ्यासारखे सुटावे, ही त्याची जगण्याची रीत. वयात आलेला नर काळाकुळकुळीत, पोट पांढरे, शिंगे पिळदार. विणीच्या हंगामात तो उघड्या जागी आपली सीमा आखून उभा राहतो, म्हणजे माद्यांना तो दिसला पाहिजे. गिंडीत काळविटे पूर्वापार होतीच. लॉर्ड विलिंग्डन मद्रासचे गव्हर्नर असताना त्यात बाहेरून आणलेल्यांची भर पडल्याचे सांगितले जाते. (हे विलिंग्डन मद्रासला येण्यापूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते, मुंबईतील विलिंग्डन क्लब त्यांचाच.) गव्हर्नरांच्या काळात रानात पोलो खेळण्याचे मैदान होते आणि गवताचे माळ होते. साहेब घोडे दौडवत, तेव्हा नकळत काळविटाला हवी तशी जमीन राखली जात होती.

पुढे रानाबद्दलची कल्पना बदलली. वन म्हणजे झाडे. झाडे जितकी दाट तितके वन चांगले, असे सरकारी आणि सार्वजनिक मत. मोकळी जागा दिसली की तेथे रोप लावावे, असे प्रत्येक वनमहोत्सवाला वाटे. त्यात वेड्या बाभळीसारख्या परदेशी झाडांनी न सांगता शिरकाव केला. चेन्नईतील निसर्गलेखक एम. कृष्णन, ज्यांचे स्तंभलेखन कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये १९५० पासून १९९६ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत अखंड चालले, ते परक्या झाडांच्या लागवडीविरुद्ध हयातभर बोलत आले. संरक्षित रानात जे मूळचे नाही ते लावू नये, ही त्यांची भूमिका तेव्हा अनेकांना हट्टी वाटे. झाड लावणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

आकड्यांनिशी उत्तर मिळाले ते १९९० च्या दशकात. टी. आर. शंकर रामन, आर. के. जी. मेनन आणि रामन सुकुमार यांनी गिंडीतील चितळ आणि काळवीट यांचा अभ्यास केला. तो १९९६ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. चितळ झुडपांत, सावलीत, कुठेही चरत होते आणि त्यांची दाटी मोठी होती. काळवीट मात्र पोलो मैदानासारख्या मोकळ्या गवताळ भागांना धरून होते. म्हणजे झुडूप एक पाऊल पुढे सरकले की काळविटाचे घर एक पाऊल आकसते. चितळाला तीच झाडी सोयीची. एकाच उद्यानातल्या या दोन हरणांपैकी कोणाची सरशी होणार, हे वृक्षारोपणाचा खड्डा कोठे खणला जातो यावर ठरत होते.

महाराष्ट्रातील वाचकासाठी याची तुलना करायला रेहेकुरी आहे. कर्जत तालुक्यातील हे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, गिंडीपेक्षाही थोडे कमी. पण रेहेकुरीच्या सीमेपलीकडे माळ आहे, शेते आहेत. कळप बाहेर जातात, परत येतात. शेतकऱ्याची नाराजी सोसावी लागते, तो भाग वेगळा. गिंडीच्या सीमेपलीकडे आहे डांबर. त्यातच १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय उद्यान, राजभवन आणि आयआयटी यांच्यामध्ये भिंती उभ्या राहिल्या. तोवर हरणांच्या दृष्टीने तिन्ही मिळून एकच रान होते. सरकारी मोजणीत जमीन तितकीच राहिली. काळविटाच्या मोजणीत तिचे तीन वेगळे तुकडे झाले.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांच्या जीवभूगोलाचा सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि जितके एकाकी, तितक्या कमी जाती त्यावर टिकून राहतात, हा त्याचा गाभा. पुढे अभ्यासकांनी हा विचार शहरांनी आणि शेतांनी वेढलेल्या जंगलांना लावला. लहान कळपात आप्तांतच संकर होत राहतो, एखादी रोगाची साथ वा कोरडे वर्ष सावरायला संख्या पुरत नाही, आणि बाहेरून नवे रक्त येण्याची वाट बंद असते. गिंडी हे समुद्राविना बेट आहे. शिवाय या बेटाला शहराची लाट लागते. भटकी कुत्री हरणांवर धावतात. खाद्यपदार्थांच्या वासाने हरणे प्लास्टिक गिळतात आणि मेलेल्या चितळांच्या पोटातून त्याचे गोळे निघाल्याच्या बातम्या चेन्नईच्या वर्तमानपत्रांनी वारंवार छापल्या आहेत. सहलीला आलेल्या कुटुंबाने प्रेमाने भिरकावलेली पिशवी तेवढीच घातक ठरते.

१२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. शहरातील हजारो झाडे एका दिवसात आडवी झाली. गिंडीच्या आणि आयआयटीच्या झाडीलाही मोठा तडाखा बसला. गुलमोहर, सोनमोहर यांसारखी भराभर वाढणारी, बाहेरून आणलेली झाडे अधिक पडली, ताडांनी आणि मूळच्या बुटक्या झाडीने वारा अंगावरून जाऊ दिला, असे त्या वेळी शहरात फिरून पाहणाऱ्या अनेकांनी नोंदवले. कोरोमंडलचे रान बुटके का, याचे एक उत्तर त्या दिवशी रस्त्यारस्त्यांवर पडलेले होते. ज्या किनाऱ्यावर पाऊस वादळाबरोबर येतो, तेथे पंचाहत्तर मीटर वाढण्यात शहाणपण नाही.

बालोद्यानाचे नूतनीकरण होऊन ते २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. मुलांसाठी नव्या वाटा आहेत, पक्ष्यांची दालने आहेत, आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षाचा दगड झालेला बुंधाही येथे आहे. तमिळनाडूत तिरुवक्करै येथे असे अश्मीभूत वृक्ष मोठ्या संख्येने पडलेले आहेत. पालक मुलाला तो बुंधा दाखवतात, मग चितळांकडे नेतात, मग सापांकडे, आणि तासाभरात फेरी पूर्ण होते. मोकळे काळवीट त्या फेरीत सहसा दिसत नाही. ते कुंपणापलीकडे, आतल्या गवतावर असते, जेथे शंभर वर्षांपूर्वी साहेबांचे घोडे दौडत. त्या मैदानावर अजून पुरेशी मोकळी जागा आहे.